कोबेतलं आमचं ताट

मुलांच्या अब्बांच्या कामानिमित्त ऑक्टोबर-नोव्हेंबर आम्ही जपानच्या कोबे शहरात होतो. १९३५ साली उभी राहिलेली तिथली मशीद जवळ होती. पण हलालची खरी कसोटी जेवणात. बाहेर माशाच्या कालवणातही मिरिन, म्हणजे तांदळाची गोड दारू घालतात. ‘मासाच तर आहे, का नको?’ धाकटा रोज विचारी. नुसतं ‘हराम’ म्हणून त्याचं पोट भरणार नव्हतं. मग शरदातला सानमा मासा आणून, आपल्या बांगड्यासारखा हळद-मीठ लावून घरीच भाजला. सोबत नव्या तांदळाचा भात, किसलेला मुळा. शेजारच्या आजी भाजलेली रताळी घेऊन आल्या, तेव्हा दोन-चार जपानी शब्द जुळवून त्यानेच विचारलं, ‘यात मिरिन नाही ना?’ त्या हसल्या, ‘फक्त रताळं!’ बिस्मिल्लाह म्हणून त्याने घास घेतला. मनाईबरोबर ताटात चांगलं काही वाढलं, की मुलांना ती जाच वाटत नाही.