गोठ्यातली लँडमास्टर

लंच टेबलवर कुणाकडे कुठली गाडी, हा विषय निघाला की मी गप्प बसतो. एकाची नवीकोरी इलेक्ट्रिक, दुसरीची एसयूव्ही, आणि माझी सेकंडहँड हॅचबॅक. पण परवा तोंडातून निघूनच गेलं, ‘आमच्याकडे गावाला एक लँडमास्टर आहे.’

टेबलवर शांतता. मग एकाने विचारलं, ‘म्हणजे लँड रोव्हर का रे?’

नाही हो. लँडमास्टर म्हणजे आपल्या ॲम्बॅसिडरची थोरली बहीण. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यात 1954 साली मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू ही सलून गाडी निघाली. तीच आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्याला लँडमास्टर नावाने बनवली. 1957-58 पर्यंत ती चालली. मग सिरीज थ्री आली आणि तिचं नाव पडलं ॲम्बॅसिडर. इंग्लंडने ते मॉडेल तीनेक वर्षांत बंद केलं. आपण मात्र ते मे 2014 पर्यंत ओढलं! मंत्र्यांच्या लाल दिव्यामुळे आणि कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीमुळे ॲम्बॅसिडर सगळ्यांच्या लक्षात राहिली. थोरली बिचारी विसरली गेली. ओळखायची कशी, तर मागून बघायचं. पहिल्या ॲम्बॅसिडरला मागे छोटे पंख होते, लँडमास्टरची पाठ गोल, साधी.

आमची ही गोल पाठ करकंबला गोठ्यात, दोन म्हशींच्या शेजारी उभी असते. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना करकंब लागतं. आजोबांनी, म्हणजे आण्णांनी, ही गाडी साठच्या दशकात पुण्याहून जुनीच घेतली होती. मैलांचं स्पीडोमीटर, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा, पुढे अख्खं बाकडं. पाच माणसांच्या गाडीत नऊ बसायची आणि दहावं मूल कुणाच्या तरी मांडीवर. लग्न असो, अडलेली बाळंतीण असो, रात्री-अपरात्री आण्णांच्या दारावर थाप पडायची. भाडं वगैरे काही नाही. आण्णांचा स्वभाव तसा, आणि पेट्रोल तेव्हा परवडायचं.

मागच्या दिवाळीत मला किडा चावला. गाडी रिस्टोर करायची, रॅलीत उतरवायची, फोटो टाकायचे! जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या एका मित्राला पुण्याहून सोबत नेलं. त्याने बॅटरी घेतली आणि आधी गाडीखाली घुसला. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. त्यामुळे रंग उडाला तर चालतं, पण तळ कुजला तर गाडीचा कणाच गेला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा त्याने स्क्रूड्रायव्हरने दाबला, तर स्क्रूड्रायव्हर आरपार. दाराखालच्या पट्ट्याही गंजलेल्या. मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेलेल्या. छत, दारं आणि बॉनेट मात्र ठणठणीत. ‘एवढा जाड पत्रा आता बघायला मिळत नाही,’ असं म्हणत त्याने बॉनेट उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

‘हे काय? डिझेल?’

मला धड माहीतही नव्हतं. आत ॲम्बॅसिडरचं डिझेल इंजिन होतं. मूळचं पेट्रोल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली, जाम होऊन पडलेलं.

मित्राने नियम सांगितला. 2021 साली केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात व्हीए अक्षरं, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी. सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आणि आमच्या आरसी बुकात तर डिझेलची रीतसर नोंद! ‘जुनं इंजिन उघडून बसव,’ तो म्हणाला, ‘डिझेल भंगारात काढ. मग बघू.’

तात्या, माझे थोरले काका, म्हशीला पेंड घालत ऐकत होते. ‘भंगारात?’ ते म्हणाले. ‘आरं, त्या इंजनावर तुझा बाप शिकला की.’

मग कळलं. ऐंशीच्या दशकात आण्णा गेले, तेव्हा बाबा बारावीत होते. पेट्रोल परवडेना, घरात दुसरी मिळकत नव्हती. तात्यांनी अपघातात सापडलेल्या ॲम्बॅसिडरचं डिझेल इंजिन स्वस्तात मिळवलं. कुर्डुवाडीच्या एका मिस्त्रीने फाउंडेशन बदलून ते बसवलं. उजनीच्या पाण्यावर ऊस वाढत होता, हातात पैसा आला होता आणि नवरदेवाला मोटार पाहिजे होती. आण्णांची फुकट गाडी तात्यांनी भाड्याची केली. गावात लोक बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. लग्नसराई संपली की वर्षभर दर महिन्याला पुण्याला मनीऑर्डर.

रात्री मी बाबांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मनीऑर्डरच्या कुपनावर काळे अंगठे उमटलेले असायचे. होस्टेलवर पोरं हसायची.’ तात्या स्वतः किती शिकले, हे मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. सातवी.

परतताना मित्राने गंमत सांगितली. इंग्लंडच्या सिरीज टूमध्ये नवं 1489 सीसीचं इंजिन होतं. आपल्या लँडमास्टरला मात्र आधीच्या ऑक्सफर्डचं 1476 सीसीचं जुनं साइड-व्हॉल्व्ह इंजिन लावलं होतं. म्हणजे पोत्याखालचं आमचं ‘ओरिजिनल’सुद्धा एका गाडीचं दुसरीला जोडलेलं! आणि तात्यांचं डिझेल? तेही मूळच्या ब्रिटिश डिझाइनचंच. मी त्याला म्हटलं, मग नियमात हे कुठे बसवायचं? तो म्हणाला, ‘आरटीओला गोष्टी सांगत बसणार आहेस का?’

तर व्हीए नंबर राहिला. रस्त्यावर काढता येत नाही, कारण नोंदणी कधीच संपली आहे. मी फक्त तळाचा पत्रा बदलायचा ठरवलाय. गेल्या रविवारी पंढरपूरहून डेंटर येऊन गेला. त्याला पटावं म्हणून तात्यांनी गाडी चालू करून दाखवली. एरवी ते फक्त दसऱ्याला हार घालून चालू करतात. हीटर गरम व्हायला थांबले, मग चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, गोठा काळ्या धुराने भरला आणि एका म्हशीने दावं तोडलं. डेंटरने खोकत खोकत चाळीस हजार सांगितले.

‘वीस,’ तात्या म्हणाले, आणि इंजिन बंद न करताच म्हशीमागे गेले.