लेकरू पेते का वं?

गुरुकुंज मोझरीच्या आमच्या पिढीच्या घरांत तान्हं आजारी पडलं की दारातून येणारी प्रत्येक बाई चप्पल काढता काढताच विचारायची, "लेकरू पेते का वं?" ताप किती, खोकला कसा, रात्री किती रडलं, हे सारं मागाहून. पेते म्हटलं की ती भिंतीला टेकून बसायची. नाही म्हटलं की पदर खोचायची.

वऱ्हाड कापसाचा मुलूख, पण लेकराला नवं कापड कोणी घालत नसे. आजीच्या विरलेल्या लुगड्याचं दुपटं, आजोबांच्या धोतराचे लंगोट. ते एकाचं कधीच नसायचं. थोरल्याचं धाकट्याला, धाकट्याचं काकाच्या पोरीला, मग माहेरपणाला आलेल्या आत्याच्या बाळाला. टोपरं, कुंची, झबलं, सारं पेटीत वेखंडाच्या तुकड्यासोबत. पऱ्हाटीच्या जाळावर पाणी तापायचं, लंगोट उकळायचे आणि अंगणातली उन्हाची तार लेकराच्या नावाची असायची. त्या तारेवर घरधन्याचा सदराही वाळत घालायची कोणाची छाती नव्हती.

कमी दिवसांचं, मुठीएवढं लेकरू झालं तर आजी त्याला लुगड्याच्या आत छातीशी धरून थंडीच्या रात्री बसून काढायची. आज दवाखान्यात यालाच कांगारू पद्धत म्हणतात आणि ती करायला आईला आवर्जून सांगतात.

सारंच काही बरोबर नव्हतं, हेही सांगायला हवं. लेकराचं पोट उडायला लागलं की 'डब्बा झाला' म्हणत आणि पोटावर बिब्ब्याच्या फुल्या उठत. आपल्याच जिल्ह्यात वर मेळघाटात तापल्या लोखंडाचे डाग देत, त्याला डम्मा म्हणत. देणाऱ्याच्या मनात माया होती आणि लेकराच्या अंगावर जखम. रोग पोटात नव्हताच, छातीत होता. न्यूमोनिया झालेलं लेकरू श्वासासाठी झगडतं, म्हणून पोट उडतं.

हे आमच्या आयाबायांना समजावलं नर्सबाईनं. खांद्याला पिशवी, हातात सेकंदकाट्याचं घड्याळ, वजनाचा झोळीवाला काटा. ती आधी काही बोलायचीच नाही. झबलं वर करायची आणि पूर्ण एक मिनिट नुसती पाहायची. "आजी, मोजा माह्यासंगं." दोन महिन्यांच्या आतल्या लेकराचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त चालला, त्यापुढं वर्षाच्या आतलं असेल तर 50 किंवा जास्त, की दवाखाना. आजीला अक्षरओळख नव्हती, हिशेब इसांचा, म्हणजे विसाविसांचा. "तीन इसा भरले, की गाडी काढा," असं ती मग सगळ्या गल्लीला सांगत फिरली. विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावच्याच बायांना नवजात बाळांची अशी घरची देखभाल शिकवली. तिथले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी उतरल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आमच्या आजीला त्याचं मुळीच नवल वाटलं नसतं.

नर्सबाईच्या सांगण्यानं लेकराची धुरी बंद झाली, कारण धुरानं छाती भरते. मध बंद झाला. गुटीवर मात्र पुष्कळ दिवस वाद चालला.

उन्हाळ्यात हगवण. टाळू खोल गेली, डोळे आत गेले, की घरात पाय वाजवायचीही भीती वाटायची. पूर्वी अशा वेळी दूधच तोडत. मग लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि अंगावरचं दूध चालूच, हे तोंडपाठ झालं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असल्याच पाण्यानं कॉलऱ्यातून माणसं वाचवली.

शस्त्रक्रियेची गोष्ट निराळी. बेंबी फुगली तर वर नाणं बांधत. ती बहुधा आपोआपच बसते, नाण्यानं कातडी तेवढी सडायची. जांघेतली फुगार मात्र आपोआप जात नाही. ती कडक झाली, लेकरू ओकायला लागलं, की एसटीनं तडक अमरावतीचं इर्विन हॉस्पिटल. परत आल्यावर लंगोट टाक्यांच्या खाली दुमडायचा, जखम ओली होऊ द्यायची नाही. फाटल्या ओठाच्या लेकराला उभं धरून वाटी-चमच्यानं थेंब थेंब पाजायचं, मधे मधे ढेकर काढायचा. ग्रहणात विळी धरली म्हणून त्या आईला बोल लावणारे होतेच. तिला पाजायला बसवून पाठीशी उभ्या राहणाऱ्याही होत्या.

तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्राम-आरोग्याला अख्खा अध्याय दिला. आमच्या गावात हात धुणं ही शिकवण होती, भजनाइतकीच.

तुमच्या घरी आज तान्हं असेल तर सहा महिने अंगावरचंच दूध द्या. गुटी नको, पाणीही नको. दूध सोडलं, अंग गार पडलं, छाती आत ओढली, पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा.