आईला बोट लागते, त्याचं काय?

‘क्रूझ? अरे, तिला बोट लागते!’ बाबांनी पहिल्याच बॉलला विकेट काढली. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून विजयदुर्गला जाताना आईने घेतलेला धसका अजून कायम आहे. बोटीतून पडावात उतरण्याचा किस्सा तर आम्हाला पाठ! पण यंदा माझा बोनस आणि तिची साठी एकाच महिन्यात आली. म्हटलं, आता नाही तर कधी?

सिंगापूरचं लांबलचक पॅकेज लगेच बाद. बॅलार्ड पिअरहून वीकेंडला गोवा, बस्स. तेही जानेवारीत, पावसाळ्यातला समुद्र नको. खरी गोची केबिनची. मला वरच्या डेकवरची बाल्कनी हवी होती. (फोटो, दुसरं काय!) पण जहाज सर्वांत कमी हलतं ते खाली आणि मधोमध. शिवाय क्षितिज दिसलं की मळमळ कमी होते. म्हणून खालची, मधली, खिडकीवाली. आणि हो, जाहिरातीतल्या भाड्यात टॅक्स, टिप बहुधा धरलेले नसतात. शेवटच्या स्क्रीनपर्यंत जा, मगच हुरळा. बाल्कनीचे वाचलेले पैसे माझे तिथेच गेले.

काल आईने पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या टाकल्या. ‘लागली तर लागली,’ म्हणाली, ‘पण खिडकीजवळ मी.’