तेंदूचं देणं

माझं शिक्षण तेंदूच्या पैशावर झालं. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या धानोरा तालुक्यात मे महिन्यात आई अंधारातच जंगलात जायची आणि ऊन चढायच्या आत पानं घेऊन परतायची. मग सगळं घर ७०-७० पानांचे पुडे बांधायला बसे. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं विकत घेणाऱ्या केंद्रावर, जात. पान म्हणजे वह्या-पुस्तकांचे पैसे, एवढंच मला ठाऊक होतं. झाडावर असताना ते काय करतं, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

तो पडला कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या सरांमुळे. त्यांनी करंजाच्या पानाच्या पाठीवर पारदर्शक नेलपॉलिश लावलं, वाळल्यावर चिकटपट्टीनं तो पापुद्रा उचलून काचेवर डकवला. सूक्ष्मदर्शकातून पर्णरंध्रं दिसली : वालाच्या दाण्यांसारख्या दोन रक्षक पेशी समोरासमोर, मधे बारीक फट. ‘‘दोन रंध्रं एकमेकांना चिकटलेली सापडतात का, बघ,’’ सर म्हणाले. मी शोधत राहिलो. मधे एखादी साधी पेशी असायचीच.

ती कोण ठेवतं, याचा उलगडा मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या रोपावरच्या संशोधनातून झाला. कोवळ्या पानाच्या त्वचेतली पेशी असमान विभागते. त्यातली लहान पेशी रंध्राच्या वाटेला लागते आणि अखेर समान विभागून रक्षक पेशींची जोडी होते. वाटेत असतानाच ती छोटी प्रथिनं सोडून शेजारच्या पेशींना रंध्र होण्यापासून रोखते. हा निरोप ओळखणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं जनुक म्हणजे ‘टू मेनी माउथ्स’. ते बिघडलं की पानावर रंध्रं खेटून, घोळक्यानं येतात. २००७ साली सापडलेलं ‘स्पीचलेस’ जनुक नसेल, तर रंध्रच होत नाही. अंतर लागतं, कारण रंध्र उघडता-मिटताना रक्षक पेशी शेजारच्या पेशींशी पाणी आणि पोटॅशियमची देवघेव करतात.

हे वाचलं तेव्हा मला आमची खुटकटाई, म्हणजे नवी पानं फुटावीत म्हणून केलेली तेंदूच्या झुडपांची छाटणी, आठवली. कटाईनंतर फुटलेलं पान उलगडत असतानाच ही मांडणी होते. तोडणीला येईपर्यंत रंध्रांच्या जागा ठरून गेलेल्या असतात. चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्या दिवसांतही पान याच रंध्रांतून श्वास घेतं, पाणी राखतं. ज्या पानानं मला शिकवलं, त्याचं हे काम मला सरांमुळे कळलं. दोघांचंही ऋण माझ्यावर आहे.

आता मीही शिकवतो. आपल्या गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांना एवढीच विनंती : मुलांना पुस्तकातली आकृती काढायला लावण्याआधी शाळेजवळच्या करंजाचं पान आणा, आणि नेलपॉलिशची एक बाटली.