मनूला पत्र: ‘बाय’ शिकवताना

चेंबूर, मुंबई ७१



तुझा मेसेज वाचला. त्याचं उत्तर मोबाइलवर चार ओळींत देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. सातवीच्या वर्गात तू फळ्यावर ‘बाय म्हणजे ने’ असं लिहिलंस आणि एका मुलाने ‘चाकूने आंबा कापला’ याचं इंग्रजी ‘बाय नाइफ’ असं केलं. ते चूक आहे हे तुला कळतंय, पण का चूक ते त्याला सांगता आलं नाही, याची तुला रुखरुख लागली आहे. मनू, त्या मुलाने तू दिलेला नियम अगदी प्रामाणिकपणे वापरला. नियमच तोकडा पडला.

आपला ‘ने’ करणाऱ्यालाही लागतो आणि करायच्या साधनालाही. ‘आजीने विळीने भाजी चिरली.’ एका वाक्यात दोन ‘ने’ आले, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. विळी आजीला चिरणार नाही हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. इंग्रजी मात्र इथे दोन वाटा करते. करणाऱ्याला (तोही पॅसिव्हमध्येच) ‘बाय’ आणि हातातल्या वस्तूला ‘विथ’. तेव्हा मुलांना इंग्रजी शब्द विचारण्याआधी मराठीत विचार: हा ‘ने’ आजीचा की विळीचा? चाकू विळीच्या बाजूला जातो, आणि मुलं ते स्वतः सांगतील. मग ‘बसने आलो’ हे वाक्य घे. बस हातात धरून आपण काही करत नाही, ती येण्याची रीत झाली, रीतीला ‘बाय’. रिक्षाने, टपालाने, विमानाने हे सगळे त्यातच येतात. पण शब्द उघडा हवा. ‘माझ्या गाडीने’ म्हटलं की इंग्रजीत ‘बाय’ जातो आणि ‘इन माय कार’ होतं. आणि ‘पायी’ला ‘बाय’ नाहीच, तिथे ‘ऑन’.

माझं स्पष्ट मत सांगते. वर्गाच्या भिंतीवर ‘इन – मध्ये, ऑन – वर, बाय – ने’ असे जे तक्ते लावलेले असतात ते काढून टाकावेत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलांच्या कानावर इंग्रजी शब्द आमच्यापेक्षा कितीतरी लवकर पडतात, आणि तरी ही छोटी अव्ययं सातवी-आठवीत नडतात, कारण शब्दाला शब्द अशी जोडी घोकलेली असते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती पद्धत आज जुनाट ठरवली गेली आहे, पण तिच्यात वाक्याला वाक्य भेटत होतं, आणि तेच मला अजून खरं वाटतं.

आता मुलांना नक्की आवडेल असं सांगते. ‘बाय’चा मूळ अर्थ ‘ने’ नव्हे; जवळ, बाजूला असा आहे. जुन्या इंग्रजीत तो तसाच वापरत. जर्मनमध्ये आजही ‘बाय’ असाच उच्चार असलेलं अव्यय आहे आणि त्याचा मुख्य अर्थ ‘पाशी, कडे’ असा होतो. ‘बाय द विंडो’ म्हणजे खिडकीपाशी, हे त्या मूळ अर्थातलं. मग बाजूला असणारा हळूहळू करणारा कसा झाला? मराठीत बघ. ‘कड’ म्हणजे बाजू. रस्त्याच्या कडेला, आजीच्या कडेवर, याच्याकडे, त्याच्याकडे. आणि त्याच ‘कड’मधून ‘कडून’ आला: ‘सुताराकडून कपाट करून घेतलं.’ बाजू दाखवणारा शब्द आपल्याकडेही करणाऱ्यापर्यंत पोचला. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, पण वाट तीच चालल्या. ‘बाय द रोड’ म्हणजे रस्त्याच्या कडेला आणि ‘बाय द कार्पेंटर’ म्हणजे सुताराकडून. दोन्हीकडे ‘कड’ आहे. ‘ने’पेक्षा हा धागा मुलांच्या हाती दे.

इथे एक सावधगिरी. ‘कडून’ हाती आला की मुलं इंग्रजी पॅसिव्हचं सरळ मराठी करतात: ‘चोर पोलिसांकडून पकडला गेला.’ मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणात अशा रचनेला ‘नवीन कर्मणी’ म्हटलं आहे. ती इंग्रजीच्या वळणाने मराठीत आली. परीक्षेत ती येते, म्हणून शिकव. पण आपली स्वतःची कर्मणी रोजच्या बोलण्यात आहे हेही सांग. ‘मुलाने पोळी खाल्ली, मुलाने आंबा खाल्ला.’ क्रियापद मुलाचं ऐकत नाही, पोळीचं आणि आंब्याचं ऐकतं. चोराला पुढे आणायचं असेल तर आपण शब्द हलवतो: ‘चोर पोलिसांनी पकडला.’ इंग्रजीला ज्या कामासाठी ‘बाय’ची फौज लागते ते आपलं नुसत्या जागाबदलाने होतं. सरकारी मराठीने मात्र पॅसिव्ह उचलला आणि ‘बाय’वाला भाग गाळून टाकला. ‘निर्णय घेण्यात आला आहे.’ ‘रस्ता खोदण्यात आला आहे.’ कोणी घेतला, कोणी खोदला, हे वाक्यात कुठेच नाही. अशी वाक्यं वर्तमानपत्रातून कापून आण आणि मुलांना ‘कोणी?’ असं विचारायला लाव. व्याकरणाचा याहून चांगला तास मला सुचत नाही.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. ‘पर्यंत.’ ‘सोमवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘सोमवारपर्यंत दुकान बंद आहे’, मराठीत दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’. आपल्याकडे चांगले शिकलेले लोकही ‘आय विल सेंड इट टिल मंडे’ असं लिहितात. माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीच्या ठिकाणी असंच लिहीत असे. तिच्या वरिष्ठांनी ते हसण्यावारी नेलं, पण चूक काय ते तिला कुणी समजावलं नाही. ती इथे घरी आली तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं की ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघ. ‘सोमवारच्या आत फॉर्म भरा’: वाक्य चालतं, म्हणून ‘बाय’. ‘सोमवारच्या आत दुकान बंद आहे’: मराठी कान लगेच नकार देतो, म्हणून ‘टिल’. काम एकदाच उरकायचं असेल तर ‘बाय’, चालू राहायचं असेल तर ‘टिल’. हा फरक तिच्या मराठीत होताच, क्रियापदात दडलेला होता. फक्त तिला तो कुणी दाखवला नव्हता. एक मात्र जपायला सांग. ‘च्या आत’ म्हटलं की काहींना सोमवार वगळल्यासारखा वाटतो. ‘बाय मंडे’त सोमवार धरलेला असतो.

बाकीचे अर्थ भराभर सांगते. ‘बाय नेम’ नावाने, ‘बाय बर्थ’ जन्माने, ‘बाय मिस्टेक’ चुकून, ‘बाय डे’ दिवसा. ‘बाय हार्ट’ला इंग्रजी काळजात जाते, आपण तोंडपाठ करतो. ‘वन बाय वन’ला आपण अव्यय न घेता शब्दच दुणावतो: एकेक, हळूहळू, घरोघर. मापाचा ‘बाय’ शिकवायला मुलांना बाजार आठवायला सांग. आमच्या स्टेशनबाहेर केळी डझनाने मिळतात, पपई वजनाने, लिंबं नगाने आणि कोळणीकडचे बोंबील वाट्याने. कुठला माल कशाने विकतात हे मुलांना बरोबर ठाऊक असतं.

क्रिकेटमध्ये तर मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. १९८३चा विश्वचषक भारताने ४३ धावांनी जिंकला आणि २०११चा आपल्या वानखेडेवर सहा गडी राखून. इंग्रजीत दोन्हीकडे नुसता ‘बाय’. धावा म्हणजे प्रतिस्पर्ध्याला जितकं मागे टाकलं तितकं अंतर. गडी म्हणजे आपल्याकडे शिल्लक काय राहिलं ते. मराठी समालोचकांनी हा फरक ओळखला आणि वेगळा शब्द वापरला, याचा मला फार अभिमान वाटतो.

‘अमुक बाय तमुक’ म्हणजे अमक्याने केलेलं, हे शिकवताना आमच्या चेंबूरचं उदाहरण घे. राज कपूर यांनी १९४८मध्ये सुरू केलेला आर. के. स्टुडिओ इथलाच. २०१७च्या आगीनंतर ती जागाही विकली गेली. आपण ‘राज कपूरचा बॉबी’ म्हणतो आणि ‘राज कपूरचा तीसरी कसम’ही म्हणतो. पण ‘बॉबी’ त्यांनी दिग्दर्शित केला, त्यात भूमिका केली नाही. ‘तीसरी कसम’मध्ये भूमिका केली, दिग्दर्शन बासू भट्टाचार्यांचं. आपला ‘चा’ दोन्ही पोटात घेतो. ‘बाय राज कपूर’ फक्त ‘बॉबी’ला लागेल.

पोटावरून आठवलं. इंग्रजीत ‘बाय-इलेक्शन’मधला ‘बाय’ म्हणजे मुख्य वाटेच्या बाजूचं, दुय्यम. आपण बाजूला न ठेवता पोटात घेतो: पोटनिवडणूक, जशी २०२२मध्ये अंधेरी पूर्वला झाली. पोटभाडेकरू, पोटजात, पोटनियम हे त्याच घराण्यातले. आमच्या सोसायटीच्या सभेत ज्यावर भांडणं होतात ते ‘बायलॉज’ मात्र वेगळ्या कुळातले. तिथला ‘बाय’ हा जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतल्या ‘गाव’ या अर्थाच्या शब्दाकडून आला आहे. हे मुलांना सांगू नकोस, तुला म्हणून सांगितलं.

आणि एक ‘बाय’ असा आहे की जो तुझी मुलं शाळेत येण्याआधीच शिकलेली असतात. ‘दहा बाय बाराची खोली.’ आमच्या इकडच्या चाळीत, वस्तीत वाढलेल्या कुठल्याही मुलाला विचार, त्याला तो पूर्ण समजतो, कारण त्या खोलीत घरची पाच-सहा माणसं कशी झोपतात हे तो रोज बघतो. इथे ‘बाय’ म्हणजे गुणाकार. उडुपी हॉटेलात ‘सूप वन बाय टू’ म्हटलं की भागाकार. डॉक्टर ‘बीपी एकशेतीस बाय ऐंशी’ सांगतात तेव्हा दोन्ही नाही, नुसती वर-खालची रेघ. घराचा पत्ता ‘ए बाय चारशे दोन’, दुकान ‘चोवीस बाय सात’ उघडं. यातला खोलीचा ‘बाय’ तेवढा इंग्रजांचा. रेघेचा ‘बाय’ आपण केलेला आहे. इंग्लंडमधला डॉक्टर तिथे ‘ओव्हर’ म्हणतो. मला हा आपला ‘बाय’ चुकीचा वाटत नाही. लाखो माणसं ज्यावर रोजचा व्यवहार करतात तो शब्द अशुद्ध म्हणून हाकलू नये. मुलांना एवढंच सांग की हा इथे चालतो, बाहेरच्या माणसाशी बोलताना तो बदलावा लागेल. गणिताच्या तासाला मात्र ‘तीन छेद चार’ म्हणायची सवय राहू दे, तो शब्द सुंदर आहे.

मुलं या ‘बाय’पासून सुरू करतील तर त्यांना वाटणार नाही की आपण काही परकं, अवघड शिकतोय. म्हणून पहिला तास खोलीचा घे, दुसरा ‘कडे’चा, ‘ने’ तिसऱ्याला. पॅसिव्ह व्हॉइस शेवटी.

एक काम तुझ्या वर्गाला देते आहे. ‘मी कप फोडला’ आणि ‘माझ्याकडून कप फुटला’ यांतला फरक त्यांना विचार. दुसऱ्या वाक्यात करणारा मीच, पण मनात नव्हतं. मग ‘माझ्याने जिना चढवत नाही’ हे वाक्य दे, जे इथे आम्ही म्हातारी माणसं दिवसातून कितीदा बोलतो. इथे ‘ने’ आहे, पण ‘बाय’ कुठेच बसत नाही. इंग्रजीला ‘कॅन’ घ्यावा लागतो. ही दोन वाक्यं मुलं इंग्रजीत कशी सांगतात ते तू दुरुस्त न करता, त्यांच्याच अक्षरात मला पाठव. टपालाने पाठव, फोटो नको. डोळ्यांना त्रास होतो. आणि त्या ‘बाय नाइफ’वाल्या मुलाची वही त्यात नक्की घाल.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या