न झालेला स्फोट

दहशतवादी हल्ला रोखण्यावर बेतलेल्या हेरपटाची मूळ अडचण अशी, की त्यातला नायक जिंकला तर काहीच घडत नाही. बाजार नेहमीसारखा भरतो, बस फलाटाला लागते, लोक घरी जाऊन जेवतात. युद्धपटात निदान चौकी ताब्यात येते, पोलिसपटात गुंड मार खातो. इथे मात्र टाळी वाजवायची ती न झालेल्या स्फोटासाठी, आणि या सिनेमांवरच्या प्रेक्षकांच्या मतांमागे बहुतेक वेळा ही अवघडलेली टाळी असते.

नीरज पांडे यांच्या ‘बेबी’ने (२३ जानेवारी २०१५) ही अडचण फारशी टाळली नाही. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पाच वर्षांच्या प्रायोगिक मुदतीवर उभारलेल्या एका काल्पनिक गुप्त पथकाची ती गोष्ट. अजून बाल्यावस्थेत म्हणून पथकाचे नाव बेबी. शेवटी एका गुंगीतल्या माणसाला सौदी अरेबियातून विमानाने भारतात आणायचे असते आणि सगळा ताण कागदपत्रे, तपासणी व घड्याळ यांवर तोललेला राहतो. काही प्रेक्षकांना हाच सिनेमाचा कळस वाटतो. काहींची तक्रार असते, की शेवटी फायटिंगच नाही. ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिकीट काढणाऱ्याला सुटकेचा निःश्वास पुरत नाही, त्याला हिशेब चुकता झालेला पाहायचा असतो.

तो चुकता करून देण्याचे काम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कबीर खान यांच्या ‘फँटम’ने केले. एस. हुसैन झैदी यांच्या ‘मुंबई अ‍ॅव्हेंजर्स’ या कादंबरीवरील या चित्रपटात रोखणे मागे पडते आणि सूड पुढे येतो. मुंबई हल्ल्याचा सूत्रधार मानल्या जाणाऱ्या हाफिज सईदच्या अर्जावरून लाहोर उच्च न्यायालयाने चित्रपटाच्या पाकिस्तानातील प्रदर्शनावर बंदी घातली आणि अनेकांच्या लेखी तीच बंदी सिनेमाची पावती ठरली. पटकथा ढिली आहे का, हा प्रश्न मग कोण विचारणार? डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या आदित्य धर यांच्या साडेतीन तासांच्या ‘धुरंधर’च्या वेळी तर मत हीच निष्ठेची परीक्षा झाली. नापसंती नोंदवणाऱ्या समीक्षकांवर लोक तुटून पडले आणि समीक्षकांच्या संघटनेला निषेधाचे पत्रक काढावे लागले. सिनेमा आवडला नाही एवढे साधे वाक्य इतके महाग क्वचितच पडले असेल.

संतपुरासारख्या गावात याच सिनेमांकडे पाहण्याची जागा थोडी वेगळी आहे. बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातले हे गाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या दिवसापासून ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. या पट्ट्यात घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि पडद्यावर हिंदी नाहीतर तेलुगू, अशी भाषांची वाटणी अंगवळणी पडलेली असते. त्यामुळे खलनायकाची उर्दू इथल्या प्रेक्षकाला परकी वाटत नाही. उलट ती जरा जास्तच घोटलेली, कृत्रिम वाटते. इथला मुसलमान शेजारी ‘हौ’ म्हणतो, ‘नक्को’ म्हणतो, शब्दावर जोर द्यायला ‘इच’ लावतो. त्यातला ‘नक्को’ आणि ‘इच’मधला ‘च’ हे मराठीचेच देणे. पडद्यावरच्या कटवाल्याला ही बोली कोणी देत नाही. ती दिली तर तो माणूस लगेच ओळखीचा होईल, आणि ओळखीच्या माणसाची भीती घालणे फार अवघड.

नावांचेही तसेच. ‘अ वेन्सडे’ (५ सप्टेंबर २००८) या नीरज पांडे यांच्याच पहिल्या चित्रपटात सामान्य माणूस म्हणवून घेणाऱ्या नायकाचे नाव शेवटपर्यंत सांगितलेले नाही, कारण नाव कळले की लोक त्यात धर्म शोधतात. नंतरच्या हेरपटांनी ही सावधगिरी फारशी पाळली नाही; नायकाच्या बाजूला एखादा मुसलमान अधिकारी ठेवला की तोल साधला, असे ते धरून चालतात. ‘बेबी’तला पथकप्रमुख फिरोज खान हा त्यातला निदान भरीव म्हणावा असा. मिश्र वस्तीतला प्रेक्षक अशी पात्रे मोजतो, मोठ्याने बोलून दाखवत नसला तरी.

शिवाय स्फोटाच्या बातम्या या भागाला दुरून आलेल्या नाहीत. दवाखाना, शिक्षण, घाऊक खरेदी यांसाठी बीदरकडची माणसे हैदराबादला जातात. २५ ऑगस्ट २००७ रोजी तिथे लुंबिनी पार्क आणि गोकुळ चाट येथे, तर २१ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलसुखनगरात स्फोट झाले, तेव्हा गावाकडे आधी आठवले ते तिकडे गेलेले कोण कोण, हे. पुण्याच्या जर्मन बेकरीतल्या १३ फेब्रुवारी २०१० च्या स्फोटाचा धागा तर राज्याच्या सीमेपलीकडच्या उदगीरला येऊन पोचला. तिथल्या एका इंटरनेट कॅफेचे नाव तपासात आले. एका आरोपीला २०१३ मध्ये फाशी सुनावली गेली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कटाच्या आरोपांतून त्याला मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली.

हेरपटात नेमकी हीच अनिश्चितता नसते. त्यात संशयित नसतो, गुन्हेगारच असतो. कॅमेऱ्याने त्याला पहिल्या प्रसंगातच कट करताना दाखवलेले असते. नायकाने त्याची बोटे मोडली तरी मनाला खटकत नाही, कारण प्रेक्षक साक्षीदार असतो. प्रत्यक्षात तसा साक्षीदार नसतो म्हणून तर तपास वर्षानुवर्षे चालतो आणि एकच पुरावा दोन न्यायालयांना दोन तऱ्हांनी दिसतो. ‘कायबी दाखवतेत’ हा या पट्ट्यातला नेहमीचा शेरा उडत्या मोटारींपुरता धरला जातो. गुन्हेगार कोण याच्या या खात्रीलाही तो लागू पडतो.

या स्फोटांहून जुन्या दोन आठवणी इथे आहेत. मे १९४८ मध्ये याच जिल्ह्यातल्या गोरटा गावी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी कत्तल केली. सप्टेंबरात हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांत पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेडबरोबर बीदरही सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत मोजले. घराघरांत यातली एक आठवण मोठ्याने सांगतात आणि दुसरी हलक्या आवाजात; कोणती कशी, ते घरावर अवलंबून. एकाच संवादावर एका बाकावर शिट्टी आणि शेजारच्या बाकावर शांतता, याचे कारण दर वेळी राजकारणच असते असे नाही.

रोखण्याच्या खऱ्या गोष्टीही पडद्याला जड जातात. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हल्लेखोर अजमल कसाबची रायफल हाताने धरून ठेवली. त्यांच्याजवळ लाठी होती. अंगात गोळ्या शिरल्या तरी त्यांनी पकड सोडली नाही. ते गेले आणि कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. कसाब जिवंत सापडला म्हणून ओळख, जबाब, साक्षी, विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज हे सगळे होऊ शकले. फाशी येरवड्यात २१ नोव्हेंबर २०१२ रोजी झाली. चौपाटीवरची झटापट चित्रपटांत आली. पण त्या रात्रीपासून फाशीपर्यंतच्या चार वर्षांवर हेरपट काढायचा तर मध्यंतर कुठे घ्यायचे, हाच प्रश्न पडेल.