घेणाऱ्यालाही देऊ द्यावे

‘भूतदया’ हा शब्द आपण बहुधा मुक्या प्राण्यांसाठी राखून ठेवला आहे. वस्तुतः ‘भूत’ म्हणजे ज्याला ज्याला अस्तित्व आहे ते सर्व. त्यात गाय-वासरू आले, चिमणी-कावळा आला आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले आपले माणूसही आले. आपल्या घरांतून ही दया नित्याच्या आचारात मुरलेली होती. जेवणापूर्वी गोग्रास निघे, उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोई लागे, लहानग्याला भरवताना चिऊ-काऊचा घास वेगळा काढला जाई. ज्या बाळाला स्वतःच्या हाताने जेवताही येत नाही, त्याच्याही नावाने एक घास दुसऱ्याला दिला जाई, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. जो सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्यालाही आपल्या पूर्वजांनी देणाऱ्यांच्या पंक्तीतून उठवले नव्हते.

या गोष्टीचे मोल मला उतारवयात, पनवेलच्या आमच्या घरात कळले. तीन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, बोलणे अडखळू लागले. तोल जाऊन पडण्याचे भय असल्याने त्यांची सारी कामे इतरांच्या हाती गेली. औषधे वेळेवर, जेवण वेळेवर, अंघोळीला मदतनीस. उणे असे काहीच नव्हते. तरीही ते दिवसेंदिवस मिटत गेले. ताटातले अन्न ताटातच राहू लागले. एके दुपारी मोठ्या कष्टाने शब्द जुळवत त्यांनी मला विचारले, “मी आता कुणाच्या उपयोगाचा?” टपाल खात्यात अडतीस वर्षे लोकांची पत्रे आणि मनीऑर्डरी पोहोचवण्यात गेलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. त्याला औषधाच्या कपाटात उत्तर नव्हते.

उत्तर आणले ते आमच्या शेजारणीने. एप्रिल महिन्यात ती माहेरी निघाली होती. पाखरांसाठी पाणी ठेवण्याचा मातीचा परळ घेऊन ती आली आणि माझ्याकडे न देता थेट यांच्या खुर्चीपाशी गेली. म्हणाली, “काका, महिनाभर माझी पाखरं तुम्ही सांभाळाल का? काकूंना सांगू नका हं, त्यांना आधीच कामं फार.” यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी परळ टेबलावर यायचा, हे डाव्या हाताने तो काथ्याने घासायचे आणि तांब्यातले पाणी हळूहळू ओतायचे. निम्मे टेबलावर सांडायचे. मी पुसून घेत असे. आठवडाभरात यांनी जुनी डायरी मागवली. बुलबुल, चिमण्या, साळुंकी, दयाळ असे कोण कोण आले, त्याच्या डाव्या हाताने वाकड्यातिकड्या रेघा उमटू लागल्या. टपालातल्या माणसाला नोंद ठेवल्यावाचून चैन कुठले! हात आजही तसाच आहे. परळाने पक्षाघात बरा झाला, असे मी म्हणणार नाही. पण ताटातले अन्न संपू लागले आणि तो प्रश्न पुन्हा घरात उमटला नाही. शेजारीण परत आली, तेव्हा परळ मात्र तिने मागे नेला नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच सत्य आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. पनवेलजवळच्या नेरे गावी कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. तेथे कुष्ठरुग्णांच्या सेवेबरोबर वृद्धाश्रमही चालतो. तिकडे वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवन सुरू केले. ज्यांच्या हाती समाजाने केवळ भिक्षापात्र ठेवले होते, त्या झडलेल्या बोटांच्या माणसांनी तेथे पडीक जमीन पिकवली, विहिरी खोदल्या, विणकाम केले. इतकेच नव्हे, तर इतरांच्या मुलांसाठी महाविद्यालयाची इमारतही उभारली. बाबांची दया भाकरी देऊन थांबली नाही, तिने काम दिले. आपल्या घरातल्या रुग्णाच्या बाबतीत हे लहान प्रमाणावर साधता येईल.

मात्र दयेला माहितीची जोड हवी. पाखरांचे भांडे उथळ असावे आणि त्यात एखादा दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्षी बुडत नाहीत. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. सज्जात कबुतरांना दाणे मात्र टाकू नयेत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत जाऊन काही जणांच्या फुप्फुसांना दाह होतो आणि वयस्कांना तो अधिक जाचतो.

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे असल्यास त्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच घालावे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही ही जागा जिने, इमारतीची प्रवेशद्वारे आणि मुलांची मैदाने यांपासून दूर असावी, असे सांगितले आहे. ज्येष्ठांच्या वाटेत कुत्र्यांचा घोळका जमवणारी दया एकाचे पोट भरते आणि दुसऱ्याचे हाड मोडते. कुत्रा चावलाच किंवा त्याचा नुसता ओरखडा उमटला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट भरू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

माणसांना द्यायचे, त्यातही पाणीच पहिले. १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्या पनवेल महापालिकेच्या हद्दीतील खारघरला उघड्या मैदानावर समारंभ झाला आणि उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. कोकणातला दमट उन्हाळा किती घातक ठरू शकतो, हे तेव्हा उभ्या राज्याला कळले. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना तहान लागण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली नसल्यास, अधूनमधून पाणी द्यावे. पार्सल घेऊन येणारा मुलगा, कचरा नेणाऱ्या ताई, इमारतीचा पहारेकरी यांनाही पाणी विचारावे. आमच्याकडे ते विचारण्याचे काम यांचेच आहे. दाराची घंटा वाजली की खुर्चीतून आवाज येतो, “पाणी?” हा एक शब्द त्यांना आता स्पष्ट उच्चारता येतो.

आता थोडे शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. “काही लागलं तर सांगा,” असे पुष्कळ जण मनापासून म्हणतात. पण थकलेल्या माणसाला काय लागते, हेही सुचत नाही आणि मागण्याचा संकोच वाटतो तो वेगळाच. आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ असे म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “दर बुधवारी पाच ते सहा मी येऊन बसेन.” ते येतात, यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि मी वडाळे तलावाला सावकाश एक फेरी मारून येते. त्या तासात मी कोणाची कोणी नसते. आठवड्याचा हा एक तास मला उरलेल्या दिवसांचे बळ देतो. मदत द्यायची झाल्यास तिला वार आणि वेळ जोडावी. आणि कोणी देऊ केली, तर शुश्रूषा करणाऱ्यांनी ती निःसंकोच घ्यावी. ज्या ज्येष्ठांना जवळचे कोणी नाही, त्यांच्यासाठी १४५६७ ही निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तो क्रमांक दूरध्वनीपाशी लिहून ठेवावा.

अंथरुणावरच्या माणसाला देण्याजोगे काय उरते, असे कोणी विचारील. नातवाचे पाढे ऐकून घेणे, मटार सोलणे, रोज सकाळी दहाला एखाद्या एकाकी मित्राला दूरध्वनी करणे, घरी येणाऱ्या मदतनीस मुलीला तिचा दिवस कसा गेला हे विचारणे, एवढे तरी पुष्कळांना जमते. काम सांडेल, लांबेल, पुन्हा करावे लागेल. ते तसे होऊ द्यावे. आपण त्यांच्यासाठी दिवसभर कितीतरी गोष्टी करतो. त्यांतून थोडी उसंत काढून आज त्यांना एकदा विचारून पाहावे, “एवढं माझ्यासाठी कराल का?”